आलिशान मोटारींची ब्रँडनिष्ठा : विक्रेत्याची सेवा आणि भाडेपट्ट्याच्या अटी – एक विवेचन

१. प्रस्तावना

ग्राहक मिळविणे आणि मिळालेला ग्राहक टिकविणे या विपणनशास्त्रातील दोन भिन्न समस्या आहेत. पहिलीसाठी जाहिरात, किंमत आणि प्रतिष्ठा यांचा उपयोग होतो. दुसरीसाठी मात्र खरेदीनंतरच्या काळात ग्राहकाला येणारा अनुभव निर्णायक ठरतो. आलिशान मोटार ही वस्तू या दृष्टीने अभ्यासण्यास विशेष सोयीची आहे. तिची किंमत मोठी असते, वापर अनेक वर्षे चालतो, देखभालीसाठी विशिष्ट यंत्रसामग्री लागते आणि खरेदीचा व्यवहार बहुधा कर्ज किंवा भाडेपट्टा यांच्या आधारे होतो. त्यामुळे मोटार बनविणारी कंपनी, तिचा अधिकृत विक्रेता आणि वित्तपुरवठा करणारी संस्था अशा तिघांशी ग्राहकाचा संबंध येतो.

महाराष्ट्र हे या उद्योगाचे एक महत्त्वाचे केंद्र आहे. मर्सिडीज-बेंझ इंडियाची स्थापना १९९४ मध्ये झाली. कंपनीचे उत्पादन प्रथम पुणे परिसरातील टेल्कोच्या आवारात होत असे व २००९ पासून ते चाकण येथील स्वतंत्र कारखान्यात होऊ लागले. छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथे स्कोडाच्या कारखान्यात ऑडीच्या मोटारींची जुळणी सुरू झाली. म्हणजे या मोटारी आपल्याच राज्यात तयार होतात. परंतु बुलढाणा जिल्ह्यातील ग्राहकाला त्यांच्या अधिकृत सेवाकेंद्रासाठी सामान्यतः छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठावे लागते. धामणगाव बढेसारख्या गावातून पाहिले असता 'सेवा' या शब्दात अंतराचा प्रश्न आपोआप अंतर्भूत होतो.

विक्रेत्याची सेवा आणि भाडेपट्ट्याच्या अटी ब्रँडनिष्ठेवर कसा परिणाम करतात, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, करार ग्राहकाला विक्रेत्याकडे परत येण्याची तारीख ठरवून देतो, परंतु परत येण्याचे कारण त्याला सेवेतूनच मिळते. या दोहोंतील भेद लक्षात न घेतल्यास सक्तीलाच निष्ठा समजण्याची चूक होते.

२. ब्रँडनिष्ठा : संकल्पना

एखाद्या ग्राहकाने त्याच कंपनीची मोटार दुसऱ्यांदा घेतली म्हणजे तो निष्ठावान झाला असे म्हणता येत नाही. ॲलन डिक आणि कुणाल बसू यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार निष्ठा दोन घटकांवरून ठरते : ब्रँडविषयीची तुलनात्मक अनुकूल वृत्ती आणि प्रत्यक्ष पुनर्खरेदी. या दोन घटकांच्या कमीअधिक प्रमाणावरून चार अवस्था संभवतात.

(अ) वृत्ती अनुकूल आणि पुनर्खरेदीही नियमित : खरी निष्ठा.
(ब) वृत्ती अनुकूल, पण पुनर्खरेदी नाही : सुप्त निष्ठा.
(क) वृत्ती अनुकूल नाही, तरीही पुनर्खरेदी होते : आभासी निष्ठा.
(ड) दोन्हींचा अभाव : निष्ठेचा अभाव.

आपल्या विषयाच्या संदर्भात यांतील दुसरी व तिसरी अवस्था महत्त्वाची आहे. खामगाव किंवा मलकापूर येथील एखाद्या जिनिंग व्यावसायिकाला एखादी मोटार मनापासून आवडते, परंतु जवळ सेवाकेंद्र नाही म्हणून तो दुसरी घेतो; ही सुप्त निष्ठा होय. याउलट, कराराच्या अटींमुळे दुसरीकडे जाणे तोट्याचे ठरते म्हणून एखादा ग्राहक त्याच कंपनीची पुढची मोटार घेतो. ही आभासी निष्ठा होय. विक्रीच्या नोंदवहीत पहिला ग्राहक गमावलेला दिसतो व दुसरा टिकलेला दिसतो. प्रत्यक्षात पहिल्याला परत आणणे शक्य असते आणि दुसरा संधी मिळताच निघून जाणार असतो.

अल्बर्ट हर्षमन यांनी १९७० मध्ये मांडलेला विचारही येथे उपयुक्त आहे. असमाधानी ग्राहकापुढे बाहेर पडणे आणि तक्रार करणे असे दोन मार्ग असतात. ज्याच्या मनात निष्ठा आहे तो बाहेर पडण्याआधी तक्रार करून पाहतो. म्हणून तक्रार घेऊन येणारा ग्राहक हा विक्रेत्याच्या दृष्टीने त्रासदायक नसून अद्याप आशा बाळगून असलेला ग्राहक असतो. आलिशान मोटारीच्या व्यवसायात ही गोष्ट अनेकदा उलट समजली जाते.

३. विक्रेत्याच्या सेवेचा परिणाम

सेवागुणवत्तेच्या मोजमापासाठी परशुरामन, झाइथामल आणि बेरी यांनी १९८८ मध्ये पाच परिमाणे निश्चित केली : दृश्य सुविधा, विश्वासार्हता, तत्परता, आश्वासकता आणि सहानुभूती. आलिशान मोटारींच्या दालनांत पहिल्या परिमाणावर मोठा खर्च केला जातो. काचेच्या भिंती, कॉफीची व्यवस्था, प्रशस्त प्रतीक्षागृह ही त्याची उदाहरणे होत. मात्र असे दालन प्रत्येक प्रतिस्पर्धी कंपनीकडे असते. त्यामुळे त्याच्या अभावाने ग्राहक नाराज होईल, पण केवळ त्याच्या अस्तित्वाने तो बांधला जाणार नाही. फरक पडतो तो विश्वासार्हता आणि तत्परता यांमुळे. सांगितलेल्या दिवशी मोटार मिळाली काय, अंदाजपत्रकातील रक्कम आणि अंतिम देयक यांत तफावत किती, एकच दोष पुन्हा उद्भवला काय, सुटा भाग उपलब्ध होता काय, या प्रश्नांची उत्तरे ग्राहक वर्षानुवर्षे लक्षात ठेवतो.

ग्रामीण भागातील ग्राहकासाठी या परिमाणांचे वजन बदलते. शहरातील ग्राहक सकाळी मोटार कार्यशाळेत देऊन सायंकाळी परत नेतो. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. तेथे मोटार नेणे म्हणजे चालकाचा पूर्ण दिवस, इंधन आणि काम अपुरे राहिल्यास दुसरी फेरी. सर्व्हिसच्या देयकात न दिसणारा हा खर्च ग्राहकाच्या हिशेबात मात्र येतोच. शिवाय मोटार घेऊन बहुधा चालक जातो, मालक नव्हे. जॉबकार्डवर नोंदविलेली तक्रार आणि मालकाला जाणवणारा दोष यांत अंतर पडते. अशा वेळी सर्व्हिस ॲडव्हायझरने मालकाला केलेला एक दूरध्वनी प्रतीक्षागृहातील सर्व सुखसोयींपेक्षा अधिक मोलाचा ठरतो. काही आलिशान मोटारींत जादा चाक दिले जात नाही. त्याऐवजी रन-फ्लॅट टायर असतात. आडमार्गावर असा टायर फाटला तर स्थानिक पंक्चरवाल्याच्या हाती काहीच राहत नाही. म्हणून मार्गावरील तातडीची मदत खरोखर कोठपर्यंत पोचते, हा ग्रामीण ग्राहकाच्या दृष्टीने पहिला प्रश्न असावयास हवा.

समृद्धी महामार्गाने या अंतराचा अर्थ काही प्रमाणात बदलला. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला. तो जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, मेहकर व सिंदखेड राजा तालुक्यांतून जातो. परिणामी त्या भागातील ग्राहकाला नागपूर व संभाजीनगर ही दोन्ही केंद्रे वेळेच्या दृष्टीने जवळ आली. मोताळा तालुक्यासारख्या उत्तरेकडील भागाला हा लाभ तुलनेने कमी आहे.

विक्रीच्या रचनेतील एका बदलामुळे सेवेचे महत्त्व आणखी वाढले. मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात थेट विक्रीची पद्धत स्वीकारली. या पद्धतीत मोटारींचा साठा कंपनीच्या मालकीचा असतो, देयक कंपनीच देते आणि देशभर एकच किंमत असते. विक्रेत्याला मोबदला मिळतो व सेवेचे काम त्याच्याकडेच राहते. पूर्वी ग्राहक दोन विक्रेत्यांकडे घासाघीस करून स्वस्त सौदा निवडीत असे. किंमत सर्वत्र सारखी झाल्यावर विक्रेत्यांमधील स्पर्धेला सेवा हेच प्रमुख क्षेत्र उरते.

४. भाडेपट्ट्याच्या अटी व त्यांचे अर्थकारण

भाडेपट्टा, म्हणजेच व्यवहारातील 'लीज', यात ग्राहक मोटारीची संपूर्ण किंमत देत नाही. करारकाळात मोटारीच्या मूल्यात होणारी घट आणि गुंतलेल्या रकमेवरील व्याज एवढेच तो भरतो. मुदतीच्या अखेरीस मोटारीचे जे मूल्य राहील असे आधीच गृहीत धरले जाते, त्यास अवशिष्ट मूल्य म्हणतात. संपूर्ण कराराचा कणा हाच आकडा होय. पुढील काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

समजा, मोटारीची करपूर्व किंमत ६० लाख रुपये, मुदत ३६ महिने आणि व्याजदर वार्षिक ९ टक्के आहे. अवशिष्ट मूल्य ५० टक्के, म्हणजे ३० लाख रुपये धरल्यास मूल्यघट ३० लाख होते. तिचा मासिक भाग ८३,३३३ रुपये. गुंतलेली सरासरी रक्कम ४५ लाख. तिच्यावरील मासिक व्याज ३३,७५० रुपये. एकूण मासिक भाडे सुमारे १,१७,०८३ रुपये होते. हेच अवशिष्ट मूल्य ४० टक्के, म्हणजे २४ लाख धरल्यास मासिक मूल्यघट १,००,००० रुपये व व्याज ३१,५०० रुपये होऊन भाडे १,३१,५०० रुपयांवर जाते. मोटार तीच, व्याजदर तोच. तरी महिन्याला १४,४१७ रुपयांचा फरक पडतो.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे, ज्या ब्रँडच्या जुन्या मोटारीला बाजारात चांगली किंमत येते, त्याचे भाडे कमी ठेवता येते. दुसरी म्हणजे, कंपनीने अवशिष्ट मूल्य मुद्दाम जास्त धरून हप्ता आकर्षक केला, तर मुदतीअखेर मोटार विकत घेऊ इच्छिणाऱ्याला ती महाग पडते व परत करून त्याच कंपनीची नवी घेणे सोयीचे वाटते. येथेच अट आणि निष्ठा यांची गाठ पडते.

अमेरिकेत आलिशान मोटारींच्या बाबतीत भाडेपट्टा ही रूढ पद्धत आहे. भारतात मात्र कर्जाचेच प्राबल्य असून, अंतिम मोठा हप्ता आणि परतखरेदीची हमी असलेल्या योजना त्या दोहोंच्या मधल्या आहेत. मर्सिडीज-बेंझची 'स्टार ॲजिलिटी' आणि बीएमडब्ल्यूची '३६०' या नावाची योजना ही त्याची उदाहरणे होत. करार कोणत्याही स्वरूपाचा असला तरी ग्राहकाने पुढील अटी तपासणे आवश्यक असते : मुदत, किलोमीटरची मर्यादा, अधिकृत केंद्रातच देखभाल करण्याचे बंधन, मुदतपूर्व समाप्तीचा आकार आणि परत करतेवेळी झीज-तूट मोजण्याचे निकष.

किलोमीटरची मर्यादा ग्रामीण ग्राहकाला विशेष जाचक ठरते. धामणगाव बढेहून संभाजीनगरची जाऊन-येऊन ३०० किलोमीटरची फेरी दर पंधरवड्याला होते असे मानल्यास वर्षाला ७,८०० किलोमीटर होतात. मर्यादा १५,००० किलोमीटरची असेल, तर निम्म्याहून अधिक वाटा याच एका फेरीत संपतो. तसेच मासिक भाडे हे पगारदार किंवा नियमित उलाढालीच्या व्यवसायाला अनुरूप असते. कापसाच्या हंगामावर अवलंबून असलेल्या व्यावसायिकाचे उत्पन्न तसे नसते. सहामाही वा हंगामी हप्त्याची सोय देणारी संस्था अशा ग्राहकाच्या मनात अधिक घर करील, हे उघड आहे.

करांचाही विचार करावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला व भरपाई उपकर रद्द झाला; विजेवर चालणाऱ्या मोटारींवर ५ टक्के कर आहे. भाडेपट्ट्यावरही सामान्यतः मोटारीच्याच दराने कर लागतो आणि स्वतःच्या वापराच्या मोटारीवरील या कराची वजावट व्यावसायिकास बहुतांशी मिळत नाही. दुसरीकडे, मालकीच्या मोटारीवर प्राप्तिकराच्या हिशेबात सामान्यतः १५ टक्के घसारा मिळतो, तर व्यवसायासाठी दिलेले भाडे खर्च म्हणून दाखविता येते. म्हणून भाडेपट्टा फायद्याचा की कर्ज, याचे उत्तर सर्वांसाठी एकच असू शकत नाही.

५. सेवा आणि करार यांचा परस्परसंबंध

या दोन घटकांचा स्वतंत्र विचार पुरेसा नाही, कारण करारातील महत्त्वाची अट सेवेमार्फतच अमलात येते. परतखरेदीची हमी टिकण्यासाठी मोटारीची देखभाल अधिकृत केंद्रात झालेली असणे आवश्यक असते. म्हणजे हमी घेणाऱ्या ग्राहकाने विशिष्ट कार्यशाळेत जाण्याचे बंधनही त्याच वेळी स्वीकारलेले असते. ती कार्यशाळा चांगली असेल, तर हे बंधन जाणवत नाही. प्रत्येक भेटीगणिक विश्वास वाढत जातो. ती निकृष्ट असेल, तर प्रत्येक भेट ग्राहकाला आपल्या असहायतेची आठवण करून देते. एकच अट एका ठिकाणी निष्ठा दृढ करते आणि दुसऱ्या ठिकाणी तिचा पाया खणते.

सर्वांत नाजूक क्षण कराराच्या अखेरीस येतो. मोटारीची तपासणी बहुधा विक्रेत्याकडेच होते आणि नवी मोटार विकण्यात त्याचाच हितसंबंध असतो. नवी मोटार घेणाऱ्याच्या ओरखड्यांकडे दुर्लक्ष आणि सोडून जाणाऱ्याकडून त्याच ओरखड्यांची भरपाई, असा दुटप्पी व्यवहार झाला तर ग्राहक त्या एका विक्रीपुरता थांबेलही, पण त्याची वृत्ती कायमची प्रतिकूल होते. शिवाय छोट्या गावात ही गोष्ट एका घरात राहत नाही. बाजार समितीत, लग्नसमारंभात आणि चहाच्या टपरीवर तिची चर्चा होते. ज्या परिसरात अशा मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात, तेथे एका मालकाचे मत पुढील अनेक खरेद्या ठरविते.

६. औरंगाबादची सामूहिक खरेदी (२०१०)

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद शहरातील उद्योजक, व्यावसायिक व अन्य ग्राहकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज-बेंझ मोटारी खरेदी केल्या. एकूण व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता आणि भारतीय स्टेट बँकेने त्यासाठी सुमारे ७ टक्के दराने ४० कोटींहून अधिक कर्ज दिले. हा व्यवहार भाडेपट्ट्याचा नव्हता. तरीही वित्ताच्या अटी ब्रँडची निवड कशी घडवितात, याचे ते उत्तम उदाहरण आहे. एकेकट्या ग्राहकाला जी अट मिळाली नसती, ती समूहाला मिळाली.

या घटनेची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१० मध्ये 'द हिंदू'मध्ये या ७ टक्के दराची तुलना मराठवाड्यातील ट्रॅक्टरकर्जाच्या १५.९ टक्के दराशी केली. आलिशान मोटारीवर निम्म्याहून कमी व्याज आणि उत्पादनाच्या साधनावर दुपटीहून अधिक, ही विसंगती आपल्या कृषिप्रधान जिल्ह्यात तीव्रतेने जाणवते. सौदाशक्ती ज्याच्याकडे, अटी त्याच्या बाजूच्या, हे वित्तव्यवहाराचे सूत्र त्यातून उघड होते.

ब्रँडनिष्ठेच्या दृष्टीने विचार केल्यास समूहाची शक्ती खरेदीच्या दिवशी सर्वाधिक असते. ती केवळ किंमत व व्याज यांवर खर्च करण्याऐवजी सेवेच्या अटींसाठीही वापरता येते. एका शहरात दीडशे मोटारी एकदम आल्या, की तेथे सुसज्ज कार्यशाळा चालविणे परवडू लागते. व्याजातील सवलत कर्ज फिटताच संपते. जवळची कार्यशाळा मात्र पुढच्या खरेदीपर्यंत उपयोगी पडते.

७. कायदेशीर चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(३०) नुसार भाडेखरेदी, भाडेपट्टा वा तारण कराराखालील वाहनाच्या बाबतीत वाहन ज्याच्या ताब्यात आहे, तोच त्या कायद्याच्या दृष्टीने 'मालक' ठरतो. कलम ५१ नुसार अशा कराराची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर होते. म्हणजे आर्थिक मालकी वित्तसंस्थेकडे असली, तरी कायद्याची जबाबदारी वापरकर्त्याकडे येते.

सेवेच्या क्षेत्रातील मक्तेदारीचा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे आला होता. सुटे भाग व दोषनिदानाची साधने खुल्या बाजारात उपलब्ध न केल्याबद्दल आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांवर एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड आकारला. त्यांत मर्सिडीज-बेंझ व बीएमडब्ल्यू यांचा समावेश होता. पुढे हे प्रकरण अपिलात गेले. तथापि, अधिकृत केंद्राकडे जाण्यावाचून ग्राहकाला पर्याय नसणे म्हणजे निष्ठा नव्हे, हा मुद्दा त्या आदेशाने अधोरेखित केला.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णयही उद्बोधक आहेत. गोव्यातील एका ग्राहकाच्या प्रकरणात टाटा मोटर्सच्या अपिलावर न्यायालयाने २०२१ मध्ये असे म्हटले की, उत्पादक व विक्रेता यांचे संबंध दोन स्वतंत्र पक्षांमधील असतील, तर विक्रेत्याच्या गैरकृत्याची उत्पादकाला माहिती होती हे दाखविल्याशिवाय उत्पादकाला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही. जुलै २०२४ मध्ये डेमलर क्रायस्लर इंडियाच्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की, कंपनीने संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी मोटार घेतली एवढ्यावरून ती खरेदी 'व्यापारी हेतू'ची ठरत नाही. त्यामुळे ग्राहक कायद्याचे दार बंद होत नाही. यांतील पहिला निर्णय विपणनाच्या अभ्यासकाला विशेष विचार करावयास लावणारा आहे. कायदा विक्रेता आणि उत्पादक यांना वेगळे मानतो. ग्राहकाचे मन मानीत नाही. विक्रेत्याने केलेली फसवणूक ग्राहक मोटारीच्या पुढील चिन्हाच्याच नावे लिहितो.

८. निष्कर्ष व सूचना

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) भाडेपट्टा व परतखरेदीच्या योजना पुनर्खरेदीची शक्यता वाढवितात; मात्र त्यातून प्रथम आभासी निष्ठा निर्माण होते. तिचे खऱ्या निष्ठेत रूपांतर सेवाच करू शकते.

२) सेवेतील दृश्य सुविधांपेक्षा विश्वासार्हता व तत्परता अधिक परिणामकारक ठरतात. सेवाकेंद्र दूर असलेल्या भागांत हा परिणाम अधिक तीव्र असतो.

३) करारअखेरची तपासणी हा निष्ठेचा कसोटीचा क्षण आहे. तिचे निकष करार करतानाच लेखी व छायाचित्रांसह दिले जावेत आणि तपासणी त्रयस्थाकडून व्हावी.

४) ग्रामीण ग्राहकांसाठी फिरते सेवावाहन, घरून मोटार नेण्या-आणण्याची सोय, अधिक किलोमीटर मर्यादा आणि हंगामी हप्ते या अटी विक्रेत्यांनी विचारात घ्याव्यात.

५) ग्राहकाने केवळ मासिक हप्त्याची तुलना न करता अवशिष्ट मूल्य, किलोमीटर मर्यादा व मुदतपूर्व समाप्तीचा आकार यांची एकत्रित तुलना करावी.

वाणिज्य व व्यवस्थापन शाखेच्या अध्यापकांना हा विषय वर्गात घेताना मोटारीचेच उदाहरण घेण्याची गरज नाही. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, कापूस जिनिंगची यंत्रे यांच्या खरेदीतही उत्पादक, विक्रेता व वित्तसंस्था हेच तीन घटक असतात. ऐन पेरणीत बंद पडलेला ट्रॅक्टर ज्या विक्रेत्याने दुसऱ्या दिवशी बांधावर येऊन सुरू करून दिला, त्याच्याच रंगाचा ट्रॅक्टर त्या घरात पुढची पिढीही घेते. आलिशान मोटारीच्या ग्राहकाची अपेक्षा याहून वेगळी नाही. फक्त त्याला ती मागण्याची ताकद अधिक आहे.